पुसलेली तीट

१

बाळासो सासने दहावी नापास होते, पण कापडाचं ठाण समोर आलं की डाग कुठं आहे हे त्यांना उलगडण्याआधी कळायचं. महाद्वार रोडच्या पोटगल्लीत त्यांचं दुकान. तिथं ही गोष्ट अजून सांगतात. इचलकरंजीच्या एका मागवाल्यानं एकदा चाळीस ठाणं आणून टाकली आणि म्हणाला, "यातलं एक डागी हाय. काढून दावलंसा तर ते फुकट." बाळासोंनी एकही ठाण उलगडलं नाही. एकेकाला नाक लावत गेले आणि सव्विसाव्याला थांबले. आत सहाव्या घडीला मागाचं तेल उडालेलं होतं. मागवाला म्हणाला, "मालक, तुम्ही पोलिसात पायजे हुता." बाळासोंनी त्याला चहा पाजला आणि ठाण परत दिलं. फुकटात आलेलं डागी कापड पुढं कुणाच्या तरी गळ्यात मारावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाला छप्पन्नाव्या वर्षी कॅमेऱ्याचं वेड लागलं. दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी सगळं शिकून घेतलं आणि एक फुल-फ्रेम मिररलेस घेतला. आत आरसा नाही म्हणून अंगानं लहान, सदऱ्याच्या खिशात जेमतेम न मावणारा. पण चित्र टिपणारा सेन्सर मोठ्या कॅमेऱ्याएवढाच. "ठेंगणा पैलवान हाय," ते येईल त्याला सांगायचे, "उंचीवर जाऊ नका, छाती बघा." बरोबर तीन लेन्स. वीसची म्हणजे सगळ्या गल्लीला जेवायला बोलावणारी. पंच्याऐंशीची म्हणजे एकट्यालाच कोपऱ्यात घेऊन बोलणारी. आणि चाळीसची आपली घरची.

"एक कॅमेरा आन तीन लेन्सा," त्यांची बायको संयोगिता म्हणायची. "मला लगीन झाल्यापास्नं एकच चष्मा हाय."

सकाळी सहाला रंकाळा तलावाला एक फेरी, दहा-बारा फोटो, मग गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा एक पेला आणि साडेआठला घरी. हा नेम सव्वा वर्ष चालला. डिसेंबरातल्या एका सकाळी धुकं विरत होतं. बाळासोंनी एकाच जागी उभं राहून तिन्ही लेन्सांनी तळ्याकाठचा दगडी संध्यामठ टिपला. लेन्सच्या छिद्राचा आकडा सोळावर ठेवला होता. सोळावर भोक बारीक होतं, आणि पायाजवळच्या दगडापासून लांबच्या झाडापर्यंत सगळं लख्ख येतं.

दुपारी दुकानातल्या कॉम्प्युटरवर फोटो उघडले तर संध्यामठाच्या उजवीकडं, काठाला एक काळा ठिपका होता. तांदळाच्या दाण्याएवढा. वीसच्या फोटोत होता, चाळीसच्यात होता, पंच्याऐंशीच्यातही होता. पंच्याऐंशीच्या फोटोत संध्यामठ चारपट मोठा झाला होता. ठिपका तेवढाच.

बाळासो स्वतःशी हसले. लेन्स बदलूनही डाग बदलत नसेल तर तो बाहेर नाही, आत आहे. सेन्सरवर धूळ बसली. वाऱ्यावर उभं राहून लेन्स बदलली की असं होतंच, व्हिडिओत सांगितलं होतं. त्यांनी डाग पुसायचं साधन घेतलं, ठिपक्यावर टिचकी मारली. ठिपका गेला. आयुष्यभर चुना, रॉकेल आणि लिंबू चोळणाऱ्या माणसाला हे सुख काही वेगळंच होतं.

२

रबरी फुग्यानं हवा मारून झाली. मऊ काडीनं सेन्सर पुसून झाला. तरी ठिपका यायचाच. कधी डावीकडं, कधी मधोमध. "धूळ सरकत असंल," बाळासो म्हणायचे आणि टिचकी मारायचे. दिवसाला एका फोटोत, कधी दोन फोटोंत.

शेवटी ते शाहूपुरीत तेजस्वीकडं गेले. कॅमेरे दुरुस्त करणारी ही पोरगी चोवीस-पंचवीस वर्षांची, हात सोनाराचे आणि तोंड फटकळ. तिनं सेन्सरवर भिंग धरलं. पांढऱ्या कागदाचा फोटो काढला. मग पांढऱ्या भिंतीचा.

"काका, आरशागत साफ हाय."

"मग डाग कसला?"

"डाग हायच कुठं? तुमच्या चष्म्यावर असंल."

बाळासोंनी तिला त्याच सकाळचा फोटो दाखवला. रंकाळ्याची कडेची वाट, ओळीनं दिव्याचे खांब, दोन म्हाताऱ्या फिरायला निघालेल्या. तिसऱ्या खांबाशी ठिपका. तेजस्वीनं फोटो मोठा केला. अजून मोठा केला.

ठिपका अर्धाच होता. डावी कड सरळ कापल्यासारखी, आणि जिथं कापली तिथून खांब सुरू होत होता.

"काका," ती म्हणाली, "धूळ खांबाच्या मागं जात न्हाय."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी रिक्षा मागं घेत होतं, त्याची टिंगटिंग चालली होती.

"माणूस असंल की कुणीतरी," बाळासो म्हणाले.

"असंल." तिनं कॅमेरा पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला. "एक करा. सोळावर काढू नका. दोनवर काढा. भोक मोठं ठेवलं की मागचं सगळं पुसट हुतंय. काय दिसणार न्हाय."

डागी घडी आत दुमडून ठाण दाखवणारे व्यापारी बाळासोंनी पुष्कळ पाहिले होते आणि त्यांच्याशी कधी व्यवहार ठेवला नव्हता. तरी दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आकडा दोनवर ठेवला. फोटो छान आले. मागचं सगळं लोण्यासारखं मऊ. त्यांनी ते गल्लीत सगळ्यांना दाखवले.

३

जानेवारीत मुलगी स्वप्नाली बाळंत झाली. तिचं सासर गारगोटीचं, बाळंतपणाला माहेरी आलेली. याआधी दोनदा तिची कूस अर्ध्यावरच रिकामी झाली होती. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून घरी येताना ती गाडीत बापाला म्हणाली होती, "पप्पा, आता मला पुन्यांदा धीर व्हायचा न्हाय." त्यामुळं ही पोरगी जन्मली, दोन किलो शंभर ग्रॅमची का होईना पण रडत जन्मली, तेव्हा बाळासो दवाखान्याच्या जिन्यात एकटेच जाऊन बसले होते. खाली आल्यावर त्यांनी चौकीदारालाही पेढा दिला आणि त्याच्या घरच्यांची चौकशी केली.

बाळाला न्हाऊ घालायला बाळासोंची थोरली बहीण आक्का आली. सत्तरीची बाई, हाडानं काटक. रोज न्हाऊमाखू झालं, धुरी झाली की ती करंगळीनं काजळ घ्यायची आणि पोरीच्या डाव्या गालावर ठसठशीत तीट लावायची.

विसाव्या दिवशी दुपारी ऊन खिडकीतून थेट पाळण्यावर आलं होतं. पोरगी जागी होती आणि चक्क शांत होती. बाळासोंना पाळण्याची झालर, खिडकीचे गज, मागचं स्वयंपाकघराचं दार, सगळंच लख्ख हवं होतं. त्यांनी आकडा सोळावर नेला. एकच फोटो. असा फोटो आयुष्यात एकदा येतो, हे त्यांना बटण दाबतानाच कळलं.

कॉम्प्युटरवर उघडला तर ठिपका होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

बाळासोंचा हात सवयीनं चालला. टिचकी. मग झालरीवर एक माशी बसलेली होती. टिचकी. खिडकीच्या काचेवर रंगाचा शिंतोडा. टिचकी. असल्या कामात हात पुढं जातो आणि डोकं गिऱ्हाइकाशी बोलत राहतं; चाळीस वर्षं कापड मोजणाऱ्याला ते नवं नव्हतं. फोटो धुतल्यासारखा स्वच्छ झाला. त्यांनी तो भिंतीएवढा मोठा छापून घेतला, चौकट करून हॉलमध्ये लावला आणि सगळ्यांना बोलावलं.

स्वप्नालीच्या डोळ्यात पाणी आलं. संयोगिता म्हणाली, "पहिल्यांदाच तुमच्या खर्चाचं काय तरी झालं."

आक्का जवळ गेली. चष्मा वर केला, खाली केला.

"बाळू, तीट कुठं हाय?"

बाळासोंनी पाहिलं. गाल कोरा होता. इतका कोरा, की तिथं कधी काही लावलंच नव्हतं असं वाटावं.

"पुसली गेली वाटतं, आक्का. बाकीचे डाग काढताना."

"तीट डाग व्हय?"

"आगं, फोटो तर हाय. पोरीच्या गालावर हायच की. लाव पायजे तेवढी."

आक्का हसली नाही. तेव्हा बाळासोंनीच कौतुकानं मार्कर आणला आणि चौकटीच्या काचेवर, गालाच्या बरोबर वर, एक काळा ठिपका दिला. "हां. झाली का तीट?"

"काचंवरची तीट काचंला," आक्का म्हणाली. "पोरीला नव्हं."

त्या रात्री पोरगी नीट झोपली. सकाळी आक्का तिला उचलायला गेली तेव्हा तिच्या गालावर काजळ नव्हतं. उशीलाही लागलेलं नव्हतं, दुपट्यालाही नाही. आक्कानं पुन्हा लावलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा नव्हतं.

"घामानं जातंय," संयोगिता म्हणाली. "असलं पातळ काजळ करतासा तुम्ही."

४

बाळासोंची बुद्धी व्यापाऱ्याची. गोष्ट खरी की खोटी हे ते माल शेजारी-शेजारी मांडून ठरवायचे. बाजारपेठेतला एक जुना दलाल त्यांना म्हणायचा, एक ठाण बघून भाव सांगणारा एकतर देव असतो किंवा चोर. तेव्हा त्यांनी एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि न पुसलेले मूळ फोटो काढून बसले. सेहेचाळीस निघाले. रंकाळ्याचे, गंगावेशीत दूध पिणाऱ्यांचे, गगनबावड्याच्या घाटात धुक्याचे. त्यांनी प्रत्येकातला ठिपका मोठा केला.

पहिल्या चार-पाचांत काही कळत नव्हतं. मग दूधकट्ट्याच्या फोटोत खांदे कळले. घाटाच्या फोटोत डोकं. माणूस होता. उभा होता. सगळीकडं पाठमोरा.

त्यांनी त्याची उंची पट्टीनं मोजली. फोटो मूळ आकारात ठेवला की पडद्यावर साडेचार मिलिमीटर. दूधकट्ट्यावर म्हशीच्या शेजारी साडेचार. घाटात, दरीच्या पलीकडच्या कड्यावर साडेचार. म्हशीशेजारी तो कुत्र्याएवढा होता, आणि पलीकडच्या कड्यावर झाडाहून उंच. अंतराशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. लेन्सशी नव्हतं. बाळासोंनी तिन्ही लेन्स टेबलावर ओळीनं ठेवल्या आणि त्यांच्याकडं पाहिलं. तीन वेगळ्या काट्यांवर घातलं आणि तिन्हींत वजन एकच भरलं, तर माल खरा म्हणायचा. पण इथं काटे मुद्दाम वेगळे बनवलेले होते. वीसचा काटा आणि पंच्याऐंशीचा काटा एकच वजन दाखवूच शकत नव्हते.

शेवटी पाळण्याचा मूळ फोटो. उंबऱ्यावर तो होता. साडेचार मिलिमीटर. पाठमोरा, स्वयंपाकघराकडं तोंड करून, जणू निघालेला.

त्यांना जरा बरं वाटलं. निघालेला माणूस निघून जातो.

मग त्यांना आठवलं की चौकट लावली त्या दिवशी, आक्का आणि स्वप्नाली त्या चौकटीखाली उभ्या असताना, त्यांनी हॉलमध्ये एक फोटो काढला होता. आकडा तेव्हा सोळावरच राहिला होता. तो फोटो त्यांनी अजून मोठा करून बघितलेला नव्हता.

त्यांनी तो उघडला. आक्काच्या मागं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, साडेचार मिलिमीटर. या वेळी खांद्यांच्या वर केस नव्हते. काहीतरी फिकट होतं. चेहऱ्याइतकं फिकट.

बाळासोंनी कॉम्प्युटर बंद केला. शटर वर केलं. समोरच्या चप्पलवाल्याला हाक मारून चहा मागवला आणि त्याच्याशी अर्धा तास निवडणुकीवर बोलले. एक शब्दही नंतर आठवेना.

संध्याकाळी घरी त्यांनी आक्काला बाजूला घेऊन तेवढंच सांगितलं, की फोटोत कुणीतरी येतंय. भूतबीत म्हणाले नाहीत. आक्का काजळाच्या डबीचं झाकण फिरवत होती.

"तोंड कुणीकडं हाय त्याचं?" तिनं विचारलं.

बाळासोंनी पाळण्याकडं पाहिलं. आक्कानं डबी उघडली आणि पोरीच्या गालावर, कपाळावर, दोन्ही तळपायांवर काजळ लावत राहिली. त्या दिवशी तिनं बोट चार वेळा डबीत बुडवलं.

५

बारसं सव्वा महिन्यावर धरलं होतं. गारगोटीहून जावई यशराजकडची पन्नासएक माणसं यायची होती. बाळासोंनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला होता, पण यशराजनं फोनवर चारदा सांगितलं, "फोटो तुम्हीच काढायचं बरं का, मामा. बाहेरचा माणूस लावला न्हाय." नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण स्वप्नालीच्या कानावर जाणार. जी पोरगी दोनदा रिकाम्या ओंजळीनं परत आली, तिच्या कानावर हे घालायची बाळासोंची छाती नव्हती.

बारशाच्या दिवशी सकाळी नऊला, पाहुणे यायच्या आधी, त्यांनी कॅमेरा बाहेर काढला. घरात अगरबत्ती आणि तळणाचा वास होता. बायका स्वयंपाकघरात, स्वप्नाली आणि पोरगी आतल्या खोलीत. हॉल रिकामा. मधोमध फुलांनी सजवलेला पाळणा, तोही अजून रिकामा. बाळासो भिंतीला टेकून उभे राहिले. दोनवर काढून भागलं असतं. पण ज्याला डाग कुठं आहे हे माहीत नाही, तो गिऱ्हाइकापुढं ठाण कसं टाकणार? त्यांनी आकडा सोळावर नेला, वीसची लेन्स लावली आणि बटण दाबलं.

होता. पाळण्याच्या पलीकडं, आतल्या खोलीच्या दाराशी. त्यांनी मान वर करून पाहिलं. दाराशी तोरण होतं, दुसरं काही नव्हतं.

चाळीसची लावली. धूळ जाऊ नये म्हणून कॅमेरा त्यांनी सवयीनं खालीच तोंड करून धरला. बटण दाबलं. बघितलं.

तो मोठा झाला होता.

बाळासोंना आधी इतका सुटल्यासारखा श्वास आला की ते हसले. चाळीसच्या लेन्सनं माणूस दुप्पट दिसायलाच हवा. सगळ्या जगाचा कायदा आहे. म्हणजे आता हा कायद्यात आला. त्यांनी पंच्याऐंशीची लावली, तर दुपटीहून थोडा जास्तच मोठा. एकदम बरोबर. दाराची चौकट जेवढ्यानं वाढली, तेवढ्यानं तोही वाढला. दार सात फुटी. त्याच्या हिशेबानं हा साडेपाच फुटाचा, आणि भिंतीपासून तेरा-चौदा फुटांवर.

मग हसू त्यांच्या तोंडावरच राहिलं.

इतके दिवस लेन्सची गोष्ट त्याला लागू होत नव्हती, कारण तो तिथं नव्हता. रंकाळ्यावर नव्हता, घाटात नव्हता. जो खरोखर जागेवर उभा असतो, त्यालाच अंतर असतं.

त्यांनी पुन्हा दाराकडं पाहिलं. तोरणाची पानं हलत होती. पंखा बंद होता. आतून स्वप्नालीचा आवाज आला, "कोण हाय? आई, तू हायेस का?" आणि तिच्याच पाठोपाठ पोरगी रडायला लागली.

बाळासोंनी कॅमेरा तसाच टेबलावर टाकला आणि आत धावले. स्वप्नाली आरशापुढं केस विंचरत होती. त्यांनी पोरीला पलंगावरून उचललं, छातीशी धरलं.

"काय झालं, पप्पा?"

"काय न्हाय. नात हाय माझी. आज मी घेणार."

६

अकरापर्यंत घर भरलं. गारगोटीची मंडळी मोकळ्या मनाची, दणकून बोलणारी. बारशात बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं, ज्याला-त्याला घ्यायचं असतं. आणि बाळासो पोरीला खाली ठेवेनात. नाव ठेवताना पाळण्यात घातली तेवढीच, तेही दोन्ही हात पाळण्याच्या काठावर ठेवून. नाव प्रियदर्शनी ठेवलं. घुगऱ्या वाटून झाल्या, हळदकुंकू झालं, पंगती बसल्या, तरी पोरगी त्यांच्याच हातात.

"पावणं, पोरगी आमची बी हाय," यशराजचे चुलते म्हणाले. "का डिपॉझिट ठेवावं लागतंय?"

"अहो, त्यास्नी कापड मोजायची सवय," दुसरे म्हणाले. "हातातलं सुटत न्हाय."

सगळे हसले. बाळासोही हसले. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामानं चिकटली होती. घरात त्यांना थारा नव्हता, म्हणून ते पोरीला घेऊन अंगणात आले आणि कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मागं भिंत, दोन्ही बाजूंना मोकळं, समोर लख्ख ऊन. कुणी आलं तर दिसेल. मांडवातली माणसं पंधरा-वीस फुटांवर, पानावर बसलेली. यांच्याजवळ कुणी नव्हतं. पोरगी सकाळपासून रडत होती, आताही रडतच होती, आणि ते रडणं त्यांना आधारासारखं वाटत होतं.

संयोगिता पायऱ्या उतरून आली. नवी नऊवारी, नाकात नथ, आणि हातात त्यांचा कॅमेरा.

"सगळ्यांचं फोटो झालं, आजोबाचाच न्हाय," ती म्हणाली. "थांबा तसंच. मी काढतो."

"ऱ्हाऊ दे ते. तुला जमायचं न्हाय."

"बटणच दाबायचं हाय की. सव्वा वर्ष बघतोय मी." तिनं कॅमेरा पोटाशी धरला आणि मागच्या पडद्यावर वाकून पाहिलं. लेन्स पंच्याऐंशीचीच राहिली होती. आकडा सोळावर. "अगं बया, किती जवळ येतंय हे." ती दोन पावलं मागं सरकली, अजून दोन. पडद्यावर उन्हाची तिरीप येत होती, म्हणून तिनं पदराचा आडोसा केला.

"संयोगिता, ठेव म्हटलं ना खाली."

"थांबा की जरा." ती पडद्यात बघतच बोलली, आवाज चढवून, पण लेकीच्या सासरच्या माणसांशी बोलावं तसा गोड. "पावणं, जरा बाजूला सरता का? तुमच्यामागं पोरगी दिसंना झालीया."

बाळासोंनी समोर पाहिलं. ऊन होतं. फरशी होती. फरशीवर त्यांची स्वतःची सावली पायाशी गोळा झालेली होती.

पोरीचं रडणं थांबलं.

तिनं मान त्यांच्या छातीवरून काढली आणि समोर, त्यांच्या तोंडाच्या उंचीवर, डोळे लावले. एवढ्या वयाला नजर ठरत नाही म्हणतात. तिची ठरली होती. दोन्ही गाल कोरे होते. तासापूर्वी आक्कानं लावलेलं काजळ कुठंच नव्हतं. बाळासोंनी हात आवळले, आणि तेव्हाच त्यांना कळलं की हातावरचा भार कमी झालाय. पाव किलोनं, मग अर्ध्या किलोनं. कुणी खालून हात लावून उचलून धरावं, अगदी सांभाळून, तसा.

"हां, आता बरं," संयोगिता म्हणाली. खटका वाजला. तिनं पडद्यावरून मान वर केली नाही. "आता त्यांच्याकडं द्या पोरीला, त्यांचा बी एक काढतो."

"कुणाकडं?" बाळासोंना वाटलं आपण विचारलं. आवाज निघाला नव्हता.

"अहो, असं काय करताय पावण्यांसमोर. द्या की. कवाधरनं हात पुढं करून उभं हाईत ते."